शेकडा तीन

आमच्याकडे टक्क्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. पेरणीच्या तोंडावर पैसे काढताना 'शेकडा तीन' म्हटलं की ते महिन्याचे तीन, म्हणजे सालाचे छत्तीस. साल पलटलं की व्याज मुद्दलात घालून पुन्हा छत्तीस. औशाच्या किंवा कंधारच्या पारावर बसलेल्या कुठल्याही माणसाला हे तोंडपाठ असतं. त्याच माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "पोरीच्या मेंदूत नसांचा गुंता आहे, तो फुटायचा धोका वर्षाला शंभरात दोन ते चार," तर तो टक्केवारीत शिरतच नाही. तो विचारतो, "साहेब, फुटंल का न्हाई, तेवढं सांगा."

मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही. सावकाराचं व्याज शंभर घरांवर सारखंच चढतं. डॉक्टरांच्या दोन ते चारांतला मधला तीन धरला, तर त्या तीन टक्क्यांची चाल निराळी आहे. शंभरातल्या सत्त्याण्णव घरांत त्या साली काहीच होत नाही आणि तीन घरांत सगळंच होऊन जातं. आपलं घर कुठल्या बाजूचं, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. बापाला मात्र नेमकं तेच हवं असतं. डॉक्टर आकडा देतात, बाप निकाल मागतो, आणि लातूर-नांदेडच्या कुठल्याही ओपीडीत ही दोन माणसं पाच मिनिटांत एकमेकांना चुकवून निघून जातात. नंतरची चाळीस-पन्नास वर्षं त्या चुकामुकीवर उभी राहतात.

ह्या गुंत्याला डॉक्टर 'एव्हीएम' म्हणतात. गावात त्याला नाव नाही. फुटल्यावर 'मेंदूची नस फुटली' म्हणतात, आणि बीपीनं फुटलेली नस व ह्या गुंत्यातली नस यांत कुणी फरक करत नाही. फरक मोठा आहे, आणि तो समजायला पाटाच्या पाण्याइतका चांगला दाखला नाही. धरणाचं पाणी शेतात एकदम येत नाही. मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत, चारीतून शेतचारीत, मग दंडात आणि शेवटी सरीत. प्रत्येक फाट्यावर पाण्याचा जोर मोडत जातो. सरीत पोचेस्तोवर ते इतकं मऊ होतं की दहा वर्षांचं पोरगंही खोरं घेऊन दारं धरतं. शरीरात हृदयाकडून येणाऱ्या धमन्या म्हणजे कालवा आणि केशासारख्या बारीक वाहिन्या म्हणजे सरी. तिथं रक्त मुरतं, पेशींचं देणं देतं आणि पलीकडे शिरांच्या ओढ्यात संथपणे उतरतं. एव्हीएममध्ये मधली ही सगळी व्यवस्था नसतेच. कालवा थेट ओढ्याला जोडलेला असतो, तोही एका ठिकाणी नव्हे तर गुंतवळासारख्या वेड्यावाकड्या वाहिन्यांच्या गठ्ठ्यातून.

ओढ्याचा काठ कालव्याचा जोर पेलायला बांधलेला नसतो. शिरेची भिंत पातळ, आणि तिच्यावर धमनीचा दाब. ती वर्षानुवर्षं ताणत जाते, फुगते, काहींची कधीतरी फुटते. शेजारच्या रानाचंही नुकसान होतं, कारण त्याच्या वाट्याचं पाणी भगदाडातून निघून जातं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं पंधरा टक्के रक्त तो ओढतो. एवढ्या भुकेल्या अवयवाच्या पाण्याची चोरी झाली की तो तक्रार करणारच. कुणाला फिट येते, कुणाचं डोकं एकाच बाजूला दुखत राहतं, क्वचित कुणाच्या हातापायातली ताकद हळूहळू ओसरते.

ज्यांचा एव्हीएम उघडकीला येतो, त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांना तो रक्तस्रावानंच कळतो. उरलेल्यांत फिटचे रुग्ण जास्त. आपल्याकडे फिट आली की आधी कांदा, मग चप्पल, मग 'बाहेरचं' बघणारा, आणि हे सगळं पार पडल्यावर सीटी स्कॅन. सीटीत काही दिसलं तर पहिला संशय मेंदूतल्या जंताच्या गाठीचा किंवा टीबीच्या गाठीचा येतो. आपल्या भागात ते रास्तही आहे. एव्हीएम लाखात वर्षाला सुमारे एकाच्या वाट्याला येणारा आजार. तो आधी आठवला नाही म्हणून कुठल्याही डॉक्टरला दोष देता येणार नाही. दोष द्यायचाच तर एका गोष्टीसाठी द्यावा. तिशीतल्या, बीपी नसलेल्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो कसाबसा वाचला, तर कागदावर 'ब्रेन हॅमरेज' लिहून त्याला घरी पाठवू नये. ताजी रक्ताची गाठ गुंत्याला दाबून झाकून टाकते, त्यामुळे पहिल्या तपासणीत तो निसटू शकतो. अशा माणसाला नसांची अँजिओग्राफी करायला, गरज पडली तर काही आठवड्यांनी पुन्हा करायला, सांगितलंच पाहिजे.

रिपोर्टमधले सगळे नसांचे घोटाळे सारखे नसतात, हेही ओघात सांगायला हवं. एमआरआयमध्ये पुष्कळांना एक शिरांची वेगळी ठेवण सापडते, छत्रीच्या काड्यांसारखी. ती बहुधा निरुपद्रवी असते, पण रिपोर्टातलं इंग्रजी नाव वाचून घरात सुतक येतं. उलट, मेंदूच्या आवरणात नंतर तयार होणारी एक जोडणी असते. तिच्यामुळे कानात नाडीच्या ठेक्यावर धकधक ऐकू येते आणि माणूस दोन वर्षं कानाच्या डॉक्टरकडे खेटे घालतो. मोटारसायकलवरून डोक्यावर पडलेल्या माणसाचा एक डोळा काही दिवसांनी लाल होऊन पुढे यायला लागला आणि ठोके देऊ लागला, तर तीही अशीच जोडणी असू शकते, फक्त अपघातानं झालेली. हेल्मेटला आमच्याकडे लोक पोलिसांची वर्गणी समजतात, म्हणून ही ओळ.

आणि आईचा प्रश्न. पोराच्या डोक्यात जन्मापासून काहीतरी आहे म्हटलं की घरातली म्हातारी सुनेकडे बघते : ग्रहण पाळलं नव्हतंस ना? अशा सुना आजही आहेत, आणि त्या स्वतःही मनातल्या मनात ते ग्रहण शोधत बसतात. २०१८ साली एका संशोधनात एव्हीएमच्या गुंत्यातल्याच पेशी तपासल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांत 'केरास' नावाच्या जनुकात बदल सापडला, पण तो त्याच माणसांच्या रक्तात नव्हता. याचा अर्थ बदल त्या ठिकाणच्या पेशींत नंतर घडलेला. तो आईकडून आला नाही, बापाकडून आला नाही, ग्रहणातून तर नाहीच. मला विचाराल तर ह्या शोधाचा पहिला उपयोग औषधासाठी होण्याआधी मराठवाड्यातल्या सुनांसाठी व्हायला हवा. अपवाद एकच लक्षात ठेवावा. घरात पिढ्यान्‌पिढ्या अनेकांचा घोळणा फुटतो, ओठांवर-जिभेवर लाल ठिपके दिसतात, अशा घराण्यांत एक आनुवंशिक आजार असतो आणि त्यात मेंदूतही असे गुंते असू शकतात. म्हणून डॉक्टरांना 'आमच्या घरात सगळ्यांचाच घोळणा फुटतो' हे सांगायला लाजू नये.

आता ते शेकडा तीन. हा आकडा आला कुठून?

तो मुख्यतः फिनलंडमधून आला. हेलसिंकीच्या रुग्णालयात १९४२ पासून आलेल्या एव्हीएमच्या रुग्णांची नोंद होती. त्या काळात ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नाही, अशा १६६ जणांचं पुढे काय झालं हे शोधायला तिथले डॉक्टर बसले आणि १६० जणांचा माग त्यांना लागला. सरासरी चोवीस वर्षांचा माग. १९९० साली निष्कर्ष छापले : वर्षाला चार टक्के रक्तस्राव, वर्षाला एक टक्का मृत्यू. पुढे २००८ साली तिथल्याच २३८ रुग्णांचा हिशेब आला, त्यात दर वर्षाला २.४ टक्के निघाला, आणि पहिली पाच वर्षं नंतरच्यापेक्षा जास्त धोक्याची ठरली. डॉक्टर 'दोन ते चार' म्हणतात ते असं.

मला त्या चार टक्क्यांपेक्षा १६६ पैकी १६० हा आकडा जास्त हलवून गेला. चोवीस वर्षांनंतर! आपल्याकडे चोवीस वर्षं तर सोडाच, एमआरआय करून गेलेल्या रुग्णाचा मोबाइल नंबर दोन वर्षांनी लागत नाही. मेलेल्यांची तर गोष्टच वेगळी. २०२० साली देशात नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे 'झोपेतच गेले', 'नस फुटली', 'लकवा मारला'. फिनलंडच्या आकड्यात आपली माणसं मोजलेली नाहीत, आणि आपल्या आकड्यातही नाहीत.

तरी आकडा आहे तो वापरावा लागतो, आणि तो वापरताना व्याजाची सवय दगा देते. समजा, शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहिलेली वीस वर्षांची मुलगी आहे. फिट आली, तपासणीत एव्हीएम सापडला. रक्तस्राव कधी झालेला नाही. तिच्यापुढे पन्नास वर्षं आहेत असं धरू. तीन गुणिले पन्नास दीडशे टक्के होत नाहीत. दर साली उरलेल्यांतून तीन टक्के जातात. अशा शंभर मुली घेतल्या तर पन्नास वर्षांत सुमारे अठ्ठ्याहत्तर जणींना कधी ना कधी रक्तस्राव होईल. वार्षिक धोका एकच टक्का धरला तर सुमारे चाळीस. तिच्या पासष्ट वर्षांच्या आजोबांच्या डोक्यात तोच एक टक्क्याचा गुंता सापडला आणि पुढे पंधरा वर्षं धरली, तर चौदा. गुंता तोच, पण वीस वर्षांच्या मुलीचा प्रश्न आणि आजोबांचा प्रश्न एकाच पानावर मावत नाहीत. रक्तस्राव म्हणजे मरणच असंही नाही. गुंत्यातला रक्तस्राव हा धमनीवरचा फुगा फुटण्याइतका जीवघेणा सहसा नसतो. दहांतला एखादा दगावतो, पण वाचलेल्यांतले बरेच जण हात, पाय, वाचा, नजर यांतलं काहीतरी देऊन वाचतात.

एक आणि तीन यांत निवड कशी करायची? इथं गुंत्याची जात बघावी लागते. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ६२२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली मांडला. आधी फुटलेला नाही, मेंदूच्या वरच्या थरात आहे, रक्त वरवरच्या शिरांत उतरतं, अशा गुंत्याचा धोका वर्षाला एक टक्क्याहूनही कमी, ०.९. आधी फुटलेला, खोल बसलेला, आणि फक्त खोल शिरांतच उतरणारा असेल तर ३४.४. 'एव्हीएम' ह्या एकाच शब्दाखाली एक टक्का आणि चौतीस टक्के राहतात. म्हणून ज्या बापाला 'शंभरात दोन ते चार' एवढंच सांगितलं गेलं, त्याला खरं तर काहीच सांगितलं गेलेलं नाही. त्यानं तीन प्रश्न विचारावेत : आधी फुटलाय का, किती खोल आहे, आणि रक्त कुठून बाहेर पडतं?

उपचार तीन तऱ्हेचे. कवटी उघडून गुंता काढायचा. मांडीतल्या नसेतून तार नेऊन त्यात गोंद सोडायचा. किंवा किरणांनी तो हळूहळू आटवायचा. १९८६ साली स्पेट्झलर आणि मार्टिन ह्या अमेरिकन सर्जननी आकार, जागा आणि खोल शिरा यांवरून पाच पायऱ्या लावून दिल्या, त्या अजून वापरात आहेत. खालच्या दोन पायऱ्यांवरचा गुंता चांगल्या हाताखाली सुरक्षितपणे निघतो, वरच्या दोनांना हात लावताना चांगले हातही थबकतात. किरणांची सोय मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफच्या रूपानं १९९७ पासून आहे. पण किरण दिले म्हणजे झालं असं नाही. गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटायचा धोका कायम असतो. गोंदानं अर्धवट भरलेला गुंताही अर्धवट सुरक्षित होत नाही. 'मुंबईला करून आणलंय' ह्या वाक्यामागे किती अर्धी कामं झोपलेली असतात, कोण जाणे.

आणि चौथी तऱ्हा : काही न करणं.

ह्या चौथ्या तऱ्हेला २०१३-१४ मध्ये मोठं बळ मिळालं. 'अरुबा' नावाच्या चाचणीत नऊ देशांतल्या ३९ केंद्रांनी न फुटलेल्या एव्हीएमचे २२६ रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटावर हस्तक्षेप, दुसऱ्याला फक्त औषधं आणि देखरेख. सरासरी तेहतीस महिन्यांत देखरेखीच्या गटात दहा टक्के रुग्णांना मृत्यूनं किंवा पक्षाघातानं गाठलं, हस्तक्षेपाच्या गटात तीस टक्क्यांहून जास्त. फरक इतका ढळढळीत की चाचणी मध्येच थांबवावी लागली. जगभरच्या सर्जनांनी आरडाओरडा केला. १७४० रुग्ण तपासून २२६ च घेतले, त्यात निव्वळ शस्त्रक्रिया झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि जो धोका पन्नास वर्षं चालायचा त्याचा निकाल तीन वर्षांत लावला. त्यांचं शेवटचं म्हणणं मला पटतं. हस्तक्षेपाचं नुकसान आज होतं, न करण्याचं नुकसान हप्त्याहप्त्यानं होतं. तीन वर्षांच्या खिडकीतून बघितलं तर हप्ते स्वस्तच दिसणार.

पण माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो सर्जनांच्या भांडणात हरवला. अरुबानं 'काही न करणं' कधी तपासलंच नाही. ज्या गटाला हात लावला नाही, त्यांना फिटची गोळी मिळत होती, डोकं दुखलं तर कुणीतरी बघत होतं, ठरल्या दिवशी कुणीतरी बोलावत होतं, नाही आले तर शोधत होतं. जिंकलं ते हे. वाट बघणं हा तिथं एक उपचार होता, त्याला माणसं होती, पैसा होता, फाइल होती. आपण त्यातलं 'हात लावू नका' एवढंच उचललं आणि देखरेख तिकडेच ठेवून आलो.

आपल्याकडे वाट कशी बघितली जाते? ज्या मुलीला 'सध्या काही करू नका, दरसाल दाखवत जा' असं सांगितलं, ती पहिल्या वर्षी येते. दुसऱ्या वर्षी बाप म्हणतो, फिट आली नाही, मग कशाला? दिवाळीनंतर घरातले ऊसतोडीला गेलेले असले तर गोळ्यांची चिठ्ठी फडावर कुणाकडे असते? गोळी सुटली की फिट येते. फिट आली की पुन्हा पहिल्यापासून, नवा दवाखाना, नवा सीटी. जुन्या फिल्म पत्र्याच्या खोलीत कोठीमागे असतात, उन्हानं एकमेकींना चिकटलेल्या, किंवा मागच्या सूर्यग्रहणाला पोरांनी बघायला नेलेल्या.

त्यात भर अंतराची. २००६ च्या १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सेनेटर टिम जॉन्सन पत्रकारांशी फोनवर बोलत असताना अडखळायला लागले. एव्हीएम फुटला होता. एकोणसाठ वर्षं तो डोक्यात होता, कुणाला पत्ता नव्हता. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. सेनेटमधलं बहुमत ५१-४९ वर उभं होतं, म्हणजे एका माणसाच्या एका शिरेवर सत्ता लोंबकळत होती. आपल्याकडच्या कुठल्याही आमदारफुटीपेक्षा ही फूट मोठी! नऊ महिन्यांनी ते सभागृहात परतले, बोलणं जड झालेलं, पण पुढे २०१५ पर्यंत सेनेटर राहिले. आता तोच गुंता माहूरकडच्या एखाद्या तांड्यावर फुटला असं धरा. किनवट किंवा माहूर, मग नांदेड. नांदेडला सीटी आणि 'पुढं न्या'. पुढं म्हणजे हैदराबाद, नाहीतर छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई. निजामाचं राज्य १९४८ ला संपलं, पण आमच्या भागातला पेशंट सिरियस झाला की गाडीचं तोंड अजून हैदराबादकडे वळतं. फुटण्याची टक्केवारी वॉशिंग्टनला आणि माहूरला सारखी असेलही. फुटल्यानंतरची सारखी नाही.

हे आम्हाला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, न हलणारी जमीन, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर १९९२ पासून, किल्लारीत हादरे बसत होते, लोक सांगत होते. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगाच्या मापानं मध्यम. पण वर दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि मातीनं लादलेली माळवदं होती, आणि माणसं झोपेत होती. हजारो गेले. जमिनीनं जितके मारले त्याहून माळवदानं मारले. पुढं गावं नव्यानं बसवली, घरं बदलली. भूगर्भातली फट बुजवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते कुणाच्या हातात नव्हतं. एव्हीएमचंही मला असंच दिसतं. कुणाची फट बुजवता येते, कुणाची नाही. माळवद मात्र प्रत्येकाचं बदलता येतं : बीपी ताब्यात, तंबाखू बंद, फिटची गोळी रोज, रक्त पातळ करणारं औषध डॉक्टरला गुंता सांगितल्याशिवाय नाही. ओझं उचलू का, विहिरीचं पाणी शेंदू का, असं बाया विचारतात. रक्तस्राव बहुतेक वेळा अशा कुठल्या श्रमाला बांधलेला दिसत नाही, तो झोपेतही होतो. म्हणून पोरीला घरात कोंडून काही साधत नाही.

कोंडण्याचं खरं कारण वेगळंच असतं, सोयरीक. फिट येणारी मुलगी म्हटल्यावर स्थळं फिरतात, म्हणून रिपोर्ट लपवला जातो. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या अटींमध्ये आडवा येत होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. कायद्यानं काढला, बैठकीतून निघाला नाही. लपवलेला रिपोर्ट सासरी जात नाही, गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग सुटतात. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची डोकेदुखी कशाची, हे तिथल्या डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. एव्हीएम असलेल्या अनेक स्त्रियांची बाळंतपणं सुखरूप होतात. गरोदरपणात धोका किती वाढतो ह्यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण डॉक्टरांना आधी माहीत असणं चांगलं ह्यावर आहे. टक्केवारीत न मोजलेला सगळ्यात मोठा धोका मला हा वाटतो : घरात माहीत असलेली गोष्ट दवाखान्यात माहीत नसणं.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ ला महात्मा फुल्यांच्या नावानं आली, दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर पोचलंय. पूर्वी जमीन विकून होणाऱ्या शस्त्रक्रिया त्यामुळं झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण योजनेची भाषा पॅकेजची आहे. कापलं, तार घातली, किरण दिले, की पैसे. फेरतपासणीची सोय आहे, पण ती ठरावीक उपचार झाल्यानंतरची. ज्या माणसाला तज्ज्ञांनी विचारपूर्वक 'हात लावू नका' सांगितलं, तो योजनेच्या हिशेबी उपचार न झालेला माणूस. त्याची पुढची चाळीस वर्षं कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाहीत. अशा वेळी दोन टोकं उरतात. एक तर गरज नसताना हस्तक्षेप, कारण त्याला पैसे आहेत. नाहीतर गायब होणं, कारण त्याला काही लागत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. गॅमा नाइफ लातूरला आणा असं मी म्हणत नाही. लाखात एकाच्या आजाराला प्रत्येक जिल्ह्यात यंत्र लागत नाही, आणि असले गुंते वर्षाला दोन-चार काढणाऱ्यापेक्षा पन्नास काढणाऱ्याच्या हाती द्यावेत. पण लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकेक वही ठेवता येईल. सापडलेल्या प्रत्येक गुंत्याची नोंद, गावाचं नाव, दोन फोन नंबर, पुढची तारीख. महिन्यातला एक दिवस ह्याच लोकांसाठी. जो आला नाही त्याच्या गावच्या आशाताईंना एक फोन. आपला टक्का किती, दोन की पाच, हे वीस वर्षांनी ह्या वहीतूनच कळेल. फिनलंडनं १९४२ ला युद्धाच्या धामधुमीत ठेवलेल्या नोंदींतून आपण आज आपल्या पोरींचं आयुष्य मोजतोय. आपली वही आज उघडली तर ती उपयोगाला येईल २०४५ ला.

तोवर तुमच्या घरात असा रिपोर्ट असेल तर एवढं करा. फिल्म पत्र्याखाली ठेवू नका. सीडी दिली असेल तर ती जपा आणि रिपोर्टाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. गोळीचं नाव आणि मात्रा मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मुलगी सासरी जाणार असेल तर तो कागद तिच्यासोबत जाऊ द्या.